बोयनाकच्या पुढचा रकाना

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या आतबुलाकमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला बातमी सुटली, की गुरांची डॉक्टरीण ऊरकिया हिने गावकचेरीतल्या साबिरजानला चावा घेतला. अकरापर्यंत एका चाव्याचे दोन झाले. बारापर्यंत साबिरजानला सात टाके पडले. आणि दुपारच्या चहाला आमच्याकडे आलेल्या कुलपाशने शपथेवर सांगितलं, की दातांचा ठसा तिने स्वतः पाहिला. वरच्या ओळीतला सोन्याचा दात वेगळा ओळखू येतो. कुलपाशचं गावात दुकान आहे, आणि त्यात मिठापेक्षा बातम्या जास्त खपतात.

खरं सांगायचं तर चावली ऊरकिया नव्हती, तिचा कुत्रा बोयनाक चावला होता. टाके तीन. आणि जागा अशी, की ती कुलपाशला बघायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ऊरकियाने केलं ते एवढंच: साबिरजानला अंगणातल्या हौदावर पालथा वाकवला, कपडे धुवायचा साबण घेतला आणि घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटं जखम धुतली. कुत्रा चावला की तसंच करायचं असतं. पंधराही मिनिटं तिचं तोंड चालू होतं. आता रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसणार? माणूस वाकलेला, त्याच्या मागे ऊरकिया झुकलेली, आणि माणूस ओरडतोय.

शिवाय लोकांनी बातमी इतकी चटकन गिळली त्याला कारण होतं. आमच्याकडे नवरदेव नवरीच्या घरी आला, की बायका उंबऱ्यात आडव्या पडून कुत्र्यासारख्या गुरगुरतात आणि हातात काही भेट पडल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत. आतबुलाकमध्ये हे काम तीस वर्षं ऊरकियाकडे आहे. ती मनापासून गुरगुरते. एका नवरदेवाने तर शाल उंबऱ्यात टाकून जी धूम ठोकली, त्याला गाडी पाठवून परत आणावा लागला होता.

मी हे सगळं सांगू शकतो, कारण तिची नि माझी भिंत एक आहे आणि ती माझी झेंगे लागते, थोरल्या चुलतभावाची बायको. झेंगेची थट्टा करायचा धाकट्या दिराला आमच्याकडे पिढीजात हक्क आहे, आणि मी तो पुरेपूर बजावत आलोय. तिच्याकडूनही कसर नसते. सुनेने सासरच्या माणसांची नावं तोंडाने घ्यायची नाहीत अशी आमची रीत, म्हणून लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी तिने मला नाव ठेवलं, ‘तेंतेक’. म्हणजे वांड. मी आता चौपन्न वर्षांचा आहे, वेल्डिंगचं दुकान चालवतो, दोन नातवंडं आहेत, आणि अजूनही भर चौकात ती हाक मारते, “तेंतेक, इकडे ये.”

ऊरकिया एकोणसाठची. अंगाने आडवी, आवाजाने उभी. अठ्ठावीस वर्षं गावातली मेंढरं, घोडे, गाई हिच्या हाताखालून गेल्या. हिने एखाद्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून “मेलेलं आहे” म्हटलं की मेलेलं असतं, आणि “सकाळपर्यंत होईल” म्हटलं की सकाळपर्यंत होतं. एका वसंतात ब्रुसेलाची, म्हणजे गुरांकडून माणसांनाही होणाऱ्या रोगाची, साथ आली, तेव्हा हिने सतरा गाई मारायला लावल्या. त्यातल्या तीन माझ्या चुलत्याच्या होत्या, एक तिची स्वतःची. लोक रडले, पण कोणी वाद घातला नाही. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला, मुलगा राजधानीत, अस्तानाला. घरात ती आणि बोयनाक.

बोयनाक अकरा वर्षांचा. तोबेत जातीचा, म्हणजे आमच्या मेंढपाळांचा जुना राखणदार कुत्रा. डोकं खिंडीतल्या धोंड्याएवढं, गळ्याभोवती पांढरा पट्टा. आई बेकेन नावाच्या मेंढपाळाच्या कळपातली, बाप डोंगरापलीकडचा. तिच्या नवऱ्याने, माझ्या भावाने, त्याला पिल्लू असताना कोटाच्या बाहीत घालून आणला, तेव्हा मी तिथे होतो. आता मागच्या पायाने लंगडतो, दात झिजलेत, दिवसभर फाटकाशी पडलेला असतो आणि ओळखीचं माणूस आलं की शेपटी न हलवता नुसता एक डोळा उघडतो.

तर मार्चच्या शेवटी जिल्ह्याहून कागद आला. कुत्र्यांच्या तेरा जाती “विशेष धोकादायक” ठरल्या होत्या. त्यातल्या नऊ नावांचा उच्चार आमच्या अकिमलाही येईना. अकिम म्हणजे गावप्रमुख. आमचा ओरमानबेक चौतीस वर्षांचा आहे, शहरात शिकून आलाय आणि रोज सकाळी बुटांना पॉलिश करतो. शेवटचं, तेरावं नाव मात्र सगळ्यांना नीट वाचता आलं. तोबेत. या तेरा जातींचं कुत्रं वस्तीच्या हद्दीत ठेवायचं नाही. पंधरा दिवसांत मालकाने हलवायचं, नाहीतर जिल्ह्याची गाडी येऊन नेणार. ती गाडी नेते ते आम्हाला माहीत आहे. परत आणताना कोणी पाहिलेली नाही. आणि कुठलं कुत्रं कुठल्या जातीचं, हे लिहायचं गुरांच्या डॉक्टरने.

हा कागद येईपर्यंत आतबुलाकमध्ये गावठी कुत्रं औषधालाही नव्हतं. आम्ही माणसाला भेटलो की आधी कूळ विचारणारे लोक. सात पिढ्यांच्या आजोबांची नावं ज्याला पाठ नाहीत, तो आमच्यात पोरकाच. हीच खोड कुत्र्यांनाही लावलेली. शायमेर्देन आता (‘आता’ म्हणजे आमच्याकडे आजोबा), वय एक्याऐंशी, पिल्लं विकायचे ती क्लबघराच्या भिंतीशी बसून, पिल्लाच्या सात आजोबांची नावं गाण्यासारखी म्हणून. कागद आला आणि रातोरात सगळ्या गावाचं रक्त पातळ झालं. ऊरकियाच्या फाटकाशी रांग लागली. प्रत्येकाच्या हातात साखळी, साखळीच्या टोकाला कुत्रं, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: गावठी लिहा.

शायमेर्देन आता पहिले.

“आता,” ऊरकिया म्हणाली, “सहा महिन्यांपूर्वी तुम्ही याचे सात आजोबा मला ऐकवले होते. आज याला बापसुद्धा नाही?”

“म्हातारपण, पोरी. विसरायला होतं.”

“तुम्ही विसरलात हो. याच्या जबड्याने विसरायला हवं ना.” मग तिने कुत्र्याचं तोंड उघडलं, पंजा उचलला, मान चाचपली आणि म्हणाली, “काळजी करू नका. याचा एक आजोबा तोबेत असेल, बाकीचे सहा पोस्टमनच्या कुत्र्याचे नातलग आहेत. गावठी.”

शायमेर्देन आता सुटल्याच्या आनंदात उठले आणि दोन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपला अपमान झालाय.

मीही गेलो होतो, लपवत नाही. माझ्या कुत्र्याला, काराला, मी आठ वर्षं तोबेत म्हणत आलो. मनात धरूनच गेलो की झेंगेला गोड बोलून खोटं लिहायला लावायचं. तिने काराकडे बसल्या जागेवरून एकदा पाहिलं आणि लिहून टाकलं, गावठी. म्हणाली, “याच्यासाठी खोटं बोलायची वेळच नाही, तेंतेक. जा.” मी घरी आलो आणि जेवताना बायकोशी विनाकारण भांडलो.

तीन दिवसांत चारशे बारा कुत्र्यांची नोंद झाली. खरे तोबेत निघाले चार. तीन मेंढपाळांचे, जे बाराही महिने डोंगरावरच असतात, त्यांचा हद्दीशी संबंध नव्हता. चौथ्याच्या पुढे नाव लिहिलेलं होतं, बोयनाक. वय लिहिलेलं, सुयांच्या तारखा लिहिलेल्या. जातीचा रकाना रिकामा.

तो रिकामा रकाना तीन दिवसांत अख्ख्या गावाने पाहिला. रोज कोणीतरी दूध द्यायचं निमित्त करून तिच्याकडे जाई आणि वहीवर नजर टाकून येई. मी विचारलं, “झेंगे, शाई संपली का?”

“तुझी जीभ संपेल तेव्हा सांग,” ती म्हणाली. पण वही मिटून ठेवली, आणि चहा न विचारता आत गेली. बत्तीस वर्षांत तिने मला चहा विचारला नाही असा तो पहिला दिवस.

रकाना रिकामा राहिला म्हणून अकिमने साबिरजानला पिटाळलं: जाऊन माप घे, खांद्यापाशी उंची किती ते लिही, काय ते जिल्हा ठरवेल. साबिरजान कचेरीतला लेखनिक, वय तीस, पोरगा वाईट नाही. पण आयुष्यात जे काही करायचं ते फोनवर करायचं असा त्याचा पण आहे. तो माप घ्यायला गेला आणि बोयनाकने त्याचं माप घेतलं. मग हौद, साबण, पंधरा मिनिटं आणि कुलपाशची बातमी.

शनिवारी सकाळी क्लबघरात सभा भरली. अकिमने टेबलावर जिल्ह्याचा कागद ठेवला, शेजारी ऊरकियाची वही, आणि म्हणाला, “शांतपणे बोलू या.” आमच्याकडे हे वाक्य बोललं की लगेच सगळे उभे राहतात.

कुलपाशने सुरुवात केली. “जातच धोकादायक. रक्तात आहे त्यांच्या. माझा झेफिर बघा.” झेफिर म्हणजे तिचं पांढरं, लोकरीच्या गुंड्याएवढं शहरी कुत्रं, दुकानात वजनकाट्याशेजारी बसतं.

“झेफिरचं नाव नको काढूस,” मागून कोणीतरी म्हणालं. “साखर घ्यायला मी हातमोजे घालून येतो.”

“तो खेळतो.”

ऊरकियाने मान वर न करता वहीची पानं उलटली. चाव्यांचीही नोंद ती ठेवते: कोणाचं कुत्रं, कोणाला, कुठे, आणि शेवटच्या ओळीत, माणूस तेव्हा काय करत होता. “दोन वर्षांत झेफिर एकोणीस वेळा खेळला,” ती म्हणाली. “सहा पोरं, बाकी गिऱ्हाईकं.”

“म्हणजे तुझं म्हणणं माझा झेफिर तुझ्या त्या राक्षसापेक्षा धोकादायक?”

“मी कुठे म्हटलं?”

मग बाजू फिरली. तोबेतवाले खूश झाले. शायमेर्देन आता काठी आपटून म्हणाले, की तोबेत हा आपला कुत्रा, आपल्या वाडवडिलांनी लांडग्यांच्या तोंडून मेंढरं राखली ती याच्या जोरावर. चावतात ती सगळी बाहेरून आलेली वाणं. जिल्ह्याने परक्यांच्या यादीत आपल्या कुत्र्याचं नाव घातलंच कसं? टाळ्या पडल्या. ज्यांनी आठवड्यापूर्वी आपापली कुत्री गावठी लिहून घेतली होती, ते सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

मग आतांनी साबिरजानकडे मोर्चा वळवला. बिचारा भिंतीला टेकून उभा होता. बसणं त्याला पंधरा दिवस मना होतं.

“बाळा, तू फाटकाबाहेरून हाक दिलीस?”

“आता, मी फोनवर संदेश पाठवला होता.”

“कोणाला, कुत्र्याला?”

“ऊरकिया आपाईंना. त्यांनी पाहिला नसेल.” आपाई म्हणजे ताई.

“माझे हात मेंढीच्या पोटात होते,” ऊरकिया म्हणाली.

“बरं. आणि शिरलास कुठून?”

“मागून, मेंढवाड्याकडून. पुढे चिखल होता. माझे बूट…”

“आणि हातात काय होतं?”

साबिरजान हळूच म्हणाला, “शाळेतली मीटरची पट्टी. लाकडी.”

अख्ख्या क्लबघराने एक मोठा सुस्कारा सोडला. आमच्यात सख्ख्या मामाच्या घरी जातानासुद्धा चाबूक दाराबाहेर ठेवून आत जातात. हातात काठी घेऊन आत आलेला माणूस भांडायला आलाय, हे आमच्या तान्ह्या पोरालाही कळतं. आणि हा हाक न देता, मेंढवाड्याकडून, काठी घेऊन.

“कुत्र्याने रीत पाळली,” शायमेर्देन आता म्हणाले. “माणसाने नाही पाळली.”

सभा इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण आमच्या बाजूचं कोणीतरी, बहुतेक माझाच चुलता, पुटपुटलं, “तोकबुरांचं काय घेऊन बसलात. त्यांच्यात हाक द्यायची पद्धतच नाही. रक्तातच आहे.” साबिरजान तोकबुरा कुळीतला. आम्ही सारीमोयन. झालं. तोकबुरांचे चार जण एकदम उठले. सारीमोयनांची कुत्री नि माणसं दोन्ही बांधून ठेवायच्या लायकीची, असं त्यातला एक म्हणाला. आमच्या चुलत्याने त्याच्या पणजोबाने चोरलेल्या घोड्याचा विषय काढला. त्यांनी आमच्या आजीच्या बहिणीचा काढला. अकिम टेबलावर बोटांनी टकटक करत “सोबती हो, कुत्र्यांबद्दल, कुत्र्यांबद्दल” म्हणत राहिला. मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आता विचारू नका.

ऊरकिया उठली. तिने नुसती वही उचलून टेबलावर आपटली.

“दोन तास,” ती म्हणाली. “दोन तास मी ऐकतेय. एक म्हणतो जात वाईट, दुसरा म्हणतो जात थोर. मला कोणी विचारलं? अठ्ठावीस वर्षं तुमची कुत्री मी टोचतेय, शिवतेय, गाडतेय. मला विचारलं कोणी?”

“विचारतो ना, आपाई,” अकिम घाईने म्हणाला. “सांगा. तोबेत धोकादायक असतो की नाही?”

“असतो.”

शायमेर्देन आतांनी काठी खाली ठेवली.

“असतो,” ती पुन्हा म्हणाली. “झेफिरने एकोणीस जणांना धरलं, एकोणीस वेळा मी आयोडीन लावून घरी पाठवलं. बोयनाकने जन्मात एकदा धरलं, तीन टाके पडले. तेही तो म्हातारा झालाय आणि दात झिजलेत म्हणून तीन. तरुण असता तर साबिरजान आज इथे उभाही नसता. जबडा मोठा तर जखम मोठी. यात कसला वाद? मेंढपाळांनी शंभर पिढ्या जो कुत्रा परक्यावर जाईल तोच ठेवला, दुसरा ठेवला नाही. मग तो परक्यावर जाणारच. कुलपाश म्हणते जातीत काहीतरी असतं, ते खरं आहे.”

कुलपाशने विजयाने मान वळवून सगळीकडे पाहिलं.

“तू बस. तुझ्या झेफिरला तोबेतचा जबडा असता तर निम्मं गाव गाडलं असतं, तेवढी तू त्याला शिस्त लावलीस. या वहीत दोनशे सात चावे आहेत. शेवटची ओळ वाचा: काय करत होता. खात्या कुत्र्याला ओढत होता. पिल्लं उचलत होता. प्यालेला होता. भिंतीवरून उडी मारली. एकशे साठ ठिकाणी असलंच काहीतरी आहे. म्हणजे जातही आहे, आणि अक्कलही आहे. दोन्ही लिहिण्याएवढी जागा जिल्ह्याच्या कागदात नाही, तर मी काय करू?”

यावर दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या. गावात एखादं माणूस खरं बोललं की असंच होतं. त्याला बसायला बाकावर जागाच उरत नाही.

अकिम मुळात चांगला मुलगा. त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला, पण क्लबघरात खालचा आवाज सगळ्यांत लांब जातो. “आपाई, कोणाला तुमचा कुत्रा जायला नकोय. साबिरजानलाही नकोय. नको ना?”

साबिरजानने मान हलवली.

“मग एक शब्द. तीन दिवस रकाना रिकामा ठेवलात, म्हणजे तुमच्याही मनात आहेच. गावठी लिहा. सही करतो, शिक्का मारतो, विषय संपला. या सभेतलं एक माणूस बाहेर बोलणार नाही.”

सगळ्यांनी कुलपाशकडे पाहिलं. “मीही नाही,” ती म्हणाली, आणि मला वाटतं तिला खरंच तसं वाटत होतं.

ऊरकियाने पेन घेतलं. टोपण काढलं. मला तिचा हात दिसत होता; गाईच्या पोटात न थरथरणारा हात रकान्याच्या वर थांबला होता. मी मनात म्हणत होतो, लिही, झेंगे, लिही, तीन अक्षरं आहेत. तिने लिहिलं. वही अकिमकडे सरकवली, पेनाला टोपण लावलं आणि कोणाकडे न बघता बाहेर पडली.

अकिमने वाचलं आणि कपाळ धरलं. तीनच अक्षरं होती. तोबेत.

पुढचे दहा दिवस आतबुलाकमध्ये राहणं म्हणजे शिक्षा होती. जो तो तिच्यावर चिडलेला, आणि जो तो तिच्यासाठी तोडगा घेऊन येणार. कोणी म्हणालं, बेकेनबरोबर डोंगरावर पाठव. ती म्हणाली, “अकरा वर्षांचा लंगडा कुत्रा लांडग्यांत सोडू? मग गाडी काय वाईट?” मुलाने फोनवर सांगितलं, आई, तू कुत्रा सोडून अस्तानाला ये. तिने फोन ठेवून दिला. माझी बायको म्हणाली, आपल्या मेंढवाड्यात लपवू. ऊरकिया म्हणाली, “एवढं डोकं लपवायला तुमचा मेंढवाडा पुरणार नाही.” आणि हे सगळं म्हणताना ती अंगणात बसून बोयनाकच्या अंगातली गवताची कुसळं काढत असायची. अकराव्या दिवशी मी भिंतीवरून डोकावलो तर ती त्याला खाऊ घालत होती. नुसतं मांस, हाडाशिवायचं, हाताने तुकडे करून. ती दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याला असं खाऊ घालताना दिसली, की त्या कुत्र्याचे दिवस भरलेत हे आम्ही ओळखायचो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुकानात गेलो, काम सुचेना, दारात बसून रस्त्याकडे बघत राहिलो. आमच्या दोघांची घरं गावाची शेवटची. माझं, मग तिचं, मग चाळीस-पन्नास पावलांवर लोखंडी खांबांवर गावाच्या नावाची पाटी, मग नुसतं रान. ती पाटी सहा वर्षांपूर्वी मीच वेल्डिंग करून बसवलेली. कागदात काय लिहिलंय? वस्तीच्या हद्दीत ठेवायचं नाही. आणि हद्द म्हणजे काय? माझी पाटी.

तसाच अकिमकडे गेलो. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, “एसेके,” हे माझं आदराचं नाव, “हा गुन्हा आहे का?”

“मला काय ठाऊक. मी वेल्डर आहे. हद्द कोण ठरवतं?”

“कचेरी.”

“कचेरी कोण?”

त्याने एकदा बुटांकडे पाहिलं आणि जुना नकाशा काढला. त्यात हद्द एका ओढ्यापाशी होती, आणि तो ओढा आटून वीस वर्षं झालेली, तेव्हा तो नेमका कुठून वाहायचा हे ज्याला आठवतं त्यानेच सांगायचं. शायमेर्देन आतांना विचारलं. त्यांना लगेच आठवलं: ओढा ऊरकियाच्या घराच्या अलीकडून वाहायचा. यावेळी त्यांची स्मरणशक्ती खणखणीत होती. अकिमने एक पान लिहून सही-शिक्का केला. मी, माझा चुलता आणि तोकबुरांचे दोन जण, तेच सभेत सगळ्यात जास्त ओरडलेले, असे चौघांनी भर दुपारी खांब कापले आणि पाटी नव्वद पावलं आत आणून माझ्या नि तिच्या भिंतीच्या टोकाशी उभी केली. साबिरजान उभ्या उभ्या दोरी धरत होता.

ऊरकिया फाटकाशी कंबरेवर हात ठेवून बघत होती. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार.

“हे खोटं नाही का, आपाई?” अकिमने स्वतःच विचारलं. त्याला झोप आली नसावी.

“गाव कुठे संपतं ते सांगणं तुझं काम,” ती म्हणाली. “तुझी सही आहे. मी कशाला बोलू?”

सोमवारी जिल्ह्याची गाडी आली. त्या माणसाने पाटी पाहिली, वही पाहिली, शिक्का पाहिला, खांबांच्या बुडाशी असलेलं ताजं सिमेंट पाहिलं. मग फाटकाबाहेर उभं राहून त्याने नीट हाक दिली. ऊरकियाने बोयनाकला साखळी लावून बाजूला घेतलं. तो माणूस आत गेला, तीन कप दुधाचा चहा प्याला, तळलेल्या पिठाचे बाऊरसाक खाल्ले, “हद्दीबाहेर” असं लिहिलं आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

आता गेले आठ महिने माझी झेंगे गावाबाहेर राहते. कचरागाडी पाटीपाशी वळते, म्हणून ती आपला कचरा भिंतीवरून माझ्याकडे देते. पाटीच्या अलीकडे गाड्या हळू चालवायच्या असतात, तेव्हा तिच्या दारासमोर पोचताच सगळे जोरात सुटतात आणि ती प्रत्येकाला नावाने शिव्या देते. सासरच्या कुळातल्यांना टोपणनावाने. बोयनाक तिथेच पडलेला असतो, एक डोळा उघडतो, मिटतो.

परवा कचऱ्याची तिसरी बादली भिंतीवरून घेताना माझा संयम सुटला. “झेंगे,” म्हटलं, “अख्खं गाव तुझ्या बाजूने खोटं बोलायला तयार होतं. तीन अक्षरं लिहायची होतीस. त्याऐवजी चार माणसांचा दिवस गेला, वेल्डिंगच्या कांड्यांची माझी दोन पाकिटं गेली, अकिमची झोप गेली, नि गावाचा नकाशा बदलला. एवढा हट्ट कशासाठी?”

तिने बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मी गावठी लिहिलं असतं, आणि उद्या तुझ्या गाईला हात लावून म्हटलं असतं, ब्रुसेला आहे, मारायला लागेल, तर तू काय विचारलं असतंस? झेंगे, हे खरं, की बोयनाकच्या जातीसारखं?”